छताला लागलेला भाव

भय्यासाहेबांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, जहाजही नाही. ग्वारीघाटाला नर्मदेत नावेत बसायची वेळ आली तेव्हा ते काठावरच थांबले आणि नावाड्याला म्हणाले की ज्या धंद्याचा ताळेबंद पाहिला नाही त्यात मी पाय टाकत नाही. अशा माणसाला जबलपूरची मराठी मंडळी जहाज कंपन्यांतला तज्ज्ञ म्हणत. यावरून मंडळींचीही कल्पना यावी.

साल १९४४. लढाई जोरात होती आणि कारखाने रात्रंदिवस चालत होते. आमचे अण्णा गन कॅरेज फॅक्टरीत गेज लावून माल तपासायचे. केसाएवढा फरक निघाला तरी नग रिजेक्ट, मग तो साहेबाच्या मेव्हण्याने घडवलेला का असेना. मी त्याच कारखान्यात टेम्पररी होतो. माझी मोठी बहीण विनताताई रेशनिंगच्या ऑफिसात कारकून. घरी इंग्रजी पत्र आलं की तीच वाचायची, कारण अण्णांचं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं होतं आणि माझ्या इंग्रजीवर कुणाचा विश्वास नव्हता.

बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका चुलतभावाने ‘अपरांत स्टीम’ नावाच्या जहाज कंपनीचे वीस शेअर अण्णांच्या गळ्यात मारले होते. शेअर शंभराचा, मिळाला पंचावन्नला. पैसे बुडाले असं धरून अण्णांनी ते कागद ताईच्या लग्नासाठी म्हणून पेटीत टाकले. म्हणजे निदान रडणं लग्नापर्यंत पुढे ढकललं. मग लढाई आली, जहाजांची भाडी वाढली आणि भाव चढायला लागला. दीडशेच्या पुढे गेला तसं ताईचं रूप लोकांच्या नजरेत भरायला लागलं. दोनशेवर तिचा स्वभाव गोड झाला. अडीचशेला गोहलपुराहून भय्यासाहेबांच्या शैलेंद्राचं स्थळ सांगून आलं.

शैलेंद्र खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होता. त्याला नाव विचारलं तरी तो आधी वडिलांकडे बघायचा, आणि वडिलांनी मान डोलावली की सांगायचा. हुंडा आम्ही घेत नाही, असं भय्यासाहेबांनी पहिल्या वाक्यात सांगितलं. दुसऱ्या वाक्यात वीस शेअर मागितले.

मुलगी दाखवायचा कार्यक्रम त्यांच्याच घरी झाला, कारण त्यांना त्यांची भिंत दाखवायची होती. गेली बारा वर्षं ते बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून मुंबईचा पेपर आणत, एक दिवस शिळा, आणि अपरांत स्टीमचा भाव वहीत उतरवून घेत. महिन्याच्या शेवटी बैठकीच्या भिंतीवर गेरूने रेघ पुढे ओढायची. बत्तीस साली ती रेघ गुडघ्याएवढी होती. लढाई सुरू झाली तेव्हा खांद्यावर आली, आणि बेचाळीसच्या दिवाळीत छताला लागली. दुसऱ्या कुणी वही काढली असती. भय्यासाहेबांनी शिडी आणली आणि रेघ छतावरून पुढे नेली. चालू भाव बघायचा तर खाटेवर उताणं पडावं लागे. अण्णा आणि मी शेजारी-शेजारी पडलो आणि चव्वेचाळीस साल बघितलं. चहाही तसाच घ्यायचा होता. तो आम्ही अंगावर घेतला.

खाली उभं राहून भय्यासाहेब काठीने दाखवत होते. जहाज बुडालं की भाव चढतो, हा त्यांचा सिद्धांत. उरलेल्यांना भाडं जास्त मिळतं म्हणे. काठीचं टोक एका उंचवट्यावर टेकवून ते कौतुकाने म्हणाले की हे इथे दोन बुडाली. त्या दोन्हींत माणसं असावीत हे त्यांच्या वहीत नव्हतं.

वहीत नुसते आकडे होते. पेपरात भावाशेजारी बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं असतं, ते काहून उतरवत नाही असं ताईने विचारलं. भय्यासाहेब हसले. शेरे कारकुनासाठी असतात, आकडा साहेबासाठी, असं म्हणाले. स्वतः ते एकतीस वर्षं कारकून होते. मग त्यांनी ताईला अक्षर काढून दाखवायला लावलं, आणि पसंत पडल्यावर सांगितलं की लग्नानंतर नोकरी सोडायची आणि ही वही तिने चालवायची. रोज दुपारी, ते सांगतील तसं.

घरी येऊन ताईने फक्त मला सांगितलं की तिला त्या घरात जायचं नाही. पण अण्णा खाटेवर पडल्या-पडल्या चार लोकांदेखत हो म्हणून बसले होते, आणि अण्णांचा शब्द म्हणजे पास झालेल्या नगावरचा शिक्का. तो पुसायची सोय कारखान्यात नव्हती. मार्गशीर्षात साखरपुडा झाला. ताई रोज ऑफिसला जायची आणि दिवस मोजायची.

माघात कंपनीचं पत्र आलं. ताईने वाचलं आणि अण्णांना सांगायला गेली. शेअरबद्दल आहे एवढं ऐकून अण्णा म्हणाले, ठेव पेटीत, भय्यासाहेब बघतील. मग तिने मला सांगितलं. शंभराच्या एका शेअरचे दहा-दहाचे दहा तुकडे करायचे असं कंपनीच्या सभेत ठरलं होतं. फाल्गुनापासून आपल्या विसाचे दोनशे. पोळीचे दहा तुकडे केले तर भूक तेवढीच राहते, पण मोजणाऱ्याला बरं वाटतं.

फाल्गुनात एका रविवारी सकाळी भय्यासाहेब आणि शैलेंद्र आमच्या दारात आले. दोघांनी चपला न बोलता काढल्या. भय्यासाहेबांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आईला वाटलं कुणी गेलं. तिने पदर डोळ्याला लावून विचारलं, कोण?

"अपरांत स्टीम," भय्यासाहेब म्हणाले.

काल दोनशे एक्कावन्न होता, आज पंचवीस. छतावरची रेघ त्यांना सरळ खाली आणावी लागली होती. देव्हाऱ्याच्या कडेने उतरून ती पाण्याच्या माठामागे गेली. त्यांनी हिशेबही केला होता. भाव नऊ-दशांश पडला, म्हणजे दहातली नऊ जहाजं बुडाली. सरकारने लढाईपायी बातमी दाबली आहे, पण आकडा दाबता येत नाही. कंपनीकडे मुळात सहाच जहाजं होती. तरी नऊ बुडाली.

मी विचारलं, की जहाज बुडालं तर भाव चढतो ना? भय्यासाहेबांनी माझ्याकडे दयेने बघितलं. दोन-चार बुडणं बाजाराला मानवतं, म्हणाले. मिठाचंही तसंच असतं. शैलेंद्राने मान डोलावली.

मग मुद्दा निघाला. पंचवीसच्या भावाने वीस शेअर म्हणजे थट्टा झाली. लग्न व्हायचं तर तेवढ्याच किमतीचा माल पाहिजे.

"दोनशे शेअर द्या, मुरलीधरराव," भय्यासाहेब म्हणाले. "दोनशे असतील तर चलो, वैशाखात बार उडवू. नाही तर आम्ही मोकळे."

अण्णांचा चेहरा उतरला. दोनशे शेअर आयुष्यात जमणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, आणि दोनशे शेअर त्यांच्या पाठीमागच्या पेटीत होते. हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक मी. मी माझा गाल आतून चावून धरला होता.

ताई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात ते पत्र होतं. मला वाटलं, संपलं; ही खरं बोलणार आणि वहीला बांधली जाणार.

"कंपनीचं पत्र आलंय," ती म्हणाली. "वाचून दाखवू का?"

"काहून?"

"भाव काहून पडला ते लिहिलंय यात."

"बेटी, पत्र कंपनी लिहिते आणि भाव बाजार लिहितो. मी बारा वर्षांपासून बाजार वाचून राहिलो."

"एकच पान आहे, भय्यासाहेब."

"एक असो की शंभर. पत्रं वाचून धंदा कळला असता तर पोस्टमन करोडपती झाला असता."

यावर शैलेंद्र हसला, वडिलांकडे बघून. ताईने पत्राची घडी केली. मग तसं लिहून तरी द्या, म्हणाली. लोकांनी उद्या विचारलं तर अण्णांना दाखवायला काहीतरी पाहिजे. लिहून द्या म्हटल्यावर एकतीस वर्षांचा कारकून उठून उभा राहिला. त्यांनी टाक मागितला, संदर्भ क्रमांक घातला, विषय घातला, आणि सदर सोयरीक आम्ही आपखुशीने रद्द करीत आहोत असं तीन प्रतींत लिहून खाली सही केली. साक्षीदार म्हणून शैलेंद्राची घेतली. त्याने सही करण्याआधी वडिलांकडे बघितलं.

ते गेल्यावर अण्णांनी पत्र वाचून दाखवायला सांगितलं. ताईने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग ते उठले, खुंटीवरची टोपी काढली आणि मला म्हणाले, सायकल काढ. त्यांनी दोनशे मागितले, आपल्याकडे दोनशे आहेत. माप बरोबर आहे, माल थांबवायचा कशाला?

"अण्णा, मला त्या घरात जायचं नाही," ताई म्हणाली.

अण्णा टोपी हातात धरून उभे राहिले.

"कधीपासून?"

"तुम्ही खाटेवर पडला होता तेव्हापासून."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही शब्द दिला होता."

अण्णांनी भय्यासाहेबांचा कागद उचलला. तीनदा वाचला, उजेडाकडे धरून सही तपासली, आपल्या दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून कडा जुळतात का तेही बघितलं. शब्द त्यांनीच परत केला आहे, असं शेवटी पुटपुटले. आईला म्हणाले, साखरपुड्याची साडी आणि वाट्या बांध, जशाच्या तशा पोचवून येतो. नारळ आम्ही केव्हाच खाल्ला होता. अण्णांनी वाटेत बड्या फुहाऱ्यावर तेवढ्याच घेराचा दुसरा निवडला. दुकानदाराचे अकरा नारळ त्यांनी रिजेक्ट केले.

गोहलपुरात भय्यासाहेब माठाशेजारी जमिनीवर बसले होते. आता भाव तिथेच होता. शैलेंद्राने वाट्या मोजल्या, साडी उलगडून डाग शोधला, तो न सापडल्याने जरा नाराज झाला. भय्यासाहेबांनी अण्णांना धीर दिला. अशा वेळी माणसाने खचू नये, म्हणाले. अण्णा हो म्हणाले. कारखान्यात ज्यांनी कधी केसाएवढं खोटं पास केलं नाही, ते अण्णा चपला शोधायला लागले, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"मुरलीधरराव, त्या पत्रात काय लिहून राहिले होते हो?"

अण्णांनी एक चप्पल पायात घातली. ते भिंतीकडे बघत होते, मग छताकडे, मग परत खाली माठाकडे. कारखान्यात नगाला गेज लावल्यावर जितका वेळ घ्यायचे तितका घेतला.

"छपाई सुबक आहे," ते म्हणाले, आणि दुसरी चप्पल घातली.