येथे चुका काढून मिळतील

कर-कार्यालयाची खिडकी बंद झाली, त्याचं सगळ्यात जास्त दुःख खिडकीमागच्या कारकुनाला झालं आणि सगळ्यात जास्त आनंद त्याच्याच सुनेला. एका घरात जमा आणि खर्च इतके शेजारी शेजारी क्वचित बसतात.

कारकुनाला सगळा बाजार लालपेन म्हणायचा, अर्थात पाठीमागे. तो निवृत्त झाला आणि त्याच्याबरोबर खिडकीही. यापुढे विवरणपत्रं ऑनलाइन भरायची, कागद टपालाने पाठवायची मुभा फक्त यंदापुरती. सुनेने लगेच बाजारात एक गाळा भाड्याने घेतला, संगणक मांडला आणि फलक लावला : ‘विवरणपत्र झटपट भरून मिळेल’. मालकाशी बोली अशी, की हंगामात भाडं निघालं तर गाळा तिचा, नाहीतर शेजारचा औषधवाला मधली भिंत पाडून दुकान वाढवणार. औषधवाला दूरदृष्टीचा. तो अधूनमधून मोजपट्टी घेऊन यायचा आणि “तुमचं चालू द्या हो वहिनी” म्हणत भिंतीची लांबी घ्यायचा.

पहिला आला समोरचा चष्मेवाला. सुनेने संगणक त्याच्याकडे वळवला.

“पाच मिनिटांत होईल, दादा.”

“पाच मिनिटांत? मग वाचणार कोण?”

“यंत्र वाचतं.”

“खेकसतं का?”

“छे हो. बघा, ‘आपले स्वागत आहे’ म्हणतंय.”

चष्मेवाल्याने कागद गोळा केले. “ताई, कर-खात्याने आजवर कोणाचं स्वागत केलंय? यात कुठेतरी पाणी मुरतंय. मी आपला टपालानेच पाठवतो.”

त्याचंही चुकत नव्हतं. खिडकीवर लालपेन प्रत्येकाला निदान दोनदा हाकलायचा. ही बेरीज कोणी केली, शेजारणीने की शत्रूने, असं विचारायचा. लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण तिसऱ्या खेपेला शिक्का बसला की वर्षभर निवांत झोपायचे, कारण एवढी खोड काढणाऱ्याने कागद वाचलाच असणार. यंत्र कोणाला घालूनपाडून बोलत नव्हतं, म्हणून त्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. सुनेने थंड पाण्याचं मशीन ठेवलं, दर कमी केला. लोक पाणी पिऊन गेले.

हंगाम निम्मा सरला. एके दुपारी सुनेचा घरी राहिलेला मोबाइल द्यायला सासरे दुकानात आले. चष्मेवाला तिथल्या मशीनवर टपालाच्या कागदांची झेरॉक्स काढत होता. सासऱ्यांनी न बघण्याचा प्रयत्न केला, पण सवय कुठे जाते? हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

“हे काय? दुकानाचं भाडं दोनदा वजा केलंय. दोन दुकानं आहेत का तुझी?”

चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. “साहेब, तुम्ही इथं बसता होय?”

“बसतात ना,” सून म्हणाली, “आधी बाबा तपासतात, मग मी भरते.”

सासऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी माहेरी गेली असती. हिने खुर्ची पुढे केली.

रात्री घरात वादळ झालं. “ज्या यंत्राने माझी खुर्ची खाल्ली, त्याची हमाली मी करू?”

“करा,” सासूबाई म्हणाल्या. “निवृत्त झाल्यापासून माझ्या मसाल्याच्या डब्यांवर शेरे मारताय. मेथीच्या डब्यावर ‘अपूर्ण’ लिहिलंत. तिकडे बसलात तर माझा स्वयंपाक तरी मंजूर होईल.”

सासरे बसले, पण अट घालून : यंत्राला हात लावणार नाही, आणि स्वतःचं विवरणपत्र टपालानेच जाईल.

बाजार लोटला. लोक आत येऊन बोलणी खायचे, सुधारून आणायचे, पुन्हा बोलणी खायचे आणि समाधानाने सुनेपुढे बसायचे. सगळे कागद लाल पेनातून गाळून आलेले, त्यामुळे यंत्राला बोलायला जागाच उरत नसे. औषधवाल्याची मोजपट्टी खिशात गेली. पण डोकं चालूच होतं. गर्दीच्या वेळी त्याने दारातून गोड आवाजात विचारलं, “साहेब, तुमचं स्वतःचं इथंच भरलंत ना?”

सासऱ्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. “टपालाने पाठवणार आहे.”

“असं होय. आचारी स्वतः घरून डबा आणतो म्हणायचा.”

रांगेत चुळबुळ झाली. शिवणकामवाल्या मावशींनी पिशवी उचलली. “मी उद्या येते गं,” त्या म्हणाल्या, आणि मागचे दोघंही उद्यावर गेले. सून मधल्या भिंतीकडे बघत राहिली.

सासऱ्यांनी ते पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचा लिफाफा काढून तिच्यापुढे टाकला. “भर. यात चूक सापडायची नाही, आधीच सांगतो.”

मावशी दारातच थांबल्या. चष्मेवाला टाचा उंचावून बघू लागला. सुनेने आकडे भरले, बटण दाबलं.

पडद्यावर ठळक अक्षरं आली : ‘बँकेच्या नोंदीपेक्षा मुदतठेवीचे व्याज कमी दाखवले आहे. दुरुस्त करा.’ तीही लाल.

सुनेला वाटलं, गेला गाळा. सासरे उठले, चष्मा चढवला, वाकून ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. लिफाफ्यातला बँकेचा कागद काढून ताडून पाहिला. निवृत्तीच्या पैशांतली नवी ठेव होती, तिचं व्याज धरायचं राहिलं होतं.

“वाचतंय की,” ते हळूच म्हणाले. मग मान हलवली. “आणि ‘कृपया’ नाही घातलं. चांगलं वळण आहे.”

“साहेबांनाच परत पाठवलं,” चष्मेवाला मावशींना म्हणाला. “म्हणजे खमकं आहे. साहेबांकडून तपासून घेऊनही माझं मी उगाच टपालात टाकलं.”

मावशींनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि गेलेल्या दोघांना हाक मारली.

व्याज भरलं, पावती आली. सासऱ्यांनी ती उलटसुलट केली. “एकदाच परत पाठवलं? अजून एकदा चाललं असतं.” मग लाल पेन सुनेकडे दिलं. “तो बाहेरचा फलक बदल. झटपट म्हणे. झटपट काय, भजी तळतेस?”

नवा फलक त्यांनीच सांगितला, सुनेने लिहिला. भिंत जिथे होती तिथेच राहिली. शेवटच्या आठवड्यात औषधवाला कागद घेऊन आला आणि सरळ खुर्चीकडे निघाला.

“शेजारी आहोत हो, वहिनी.”

“रांगेत,” सासरे मान वर न करता म्हणाले, “आणि भिंतीला टेकू नका.”