नऊ नव्हे, पाच आठवडे

मित्रांनो, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात हिरव्या पडद्याआड उभे असलेले जुने सोनोग्राफी यंत्र म्हणजे मी. चौदा वर्षांपूर्वी कारखान्यात माझी जुळणी झाली आणि मी थेट इथे आले. आईच्या पोटात मी आवाजाच्या लहरी पाठवते, परतलेल्या लहरींतून चित्र काढते आणि बाळाचे वय सांगते. पूर्वी लोक म्हणत, "काय स्पष्ट दिसतंय!" आता माझी पिवळी पडलेली बटणे बघून नाक मुरडतात.

यंदा ईदनंतर महिन्याभराने मिसबा सासूबाईंबरोबर आली. शेवटच्या पाळीची तारीख तिने सांगितली, रमजानचा दुसरा दिवस. म्हणजे नऊ आठवडे. एवढ्या बाळाचे हृदय मला सहज सापडते. मी कानाकोपरा धुंडाळला. एक छोटी काळी पिशवी दिसली, हृदय नाही. मी आकडा दाखवला: पाच आठवडे दोन दिवस.

"वाढ थांबली का हो?" मिसबाने विचारले.

"मशीन जुनं झालंय, डॉक्टर," सासूबाई शकीलाबी म्हणाल्या.

"जुनं आहे, खोटारडं नाही," डॉक्टर श्यामलाबाई म्हणाल्या. "तारीख नक्की ना?"

"हो. पाळीमुळे पाच रोजे सुटले, ते भरून काढायचेत."

"पाच?" शकीलाबी ताडकन उठल्या. "अगं, तुझ्या सुटलेल्या रोजांच्या कॅलेंडरवर आठ खुणा केल्यात मी! ईदच्या आधीचे तीन कोण धरणार, मी?"

"अय्या, अम्मी! ईदच्या शिलाईच्या गडबडीत ती पाळी विसरलेच!"

डॉक्टरांनी त्या विसरलेल्या पाळीपासून बोटांवर मोजले. "पाच आठवडे दोन दिवस. तंतोतंत! पण हृदय दिसेपर्यंत पेढे नकोत. बारा दिवसांनी या."

मित्रांनो, ते बारा दिवस मला फार लांब वाटले. माझा आकडा बरोबर होता, पण बाळ वाढत होते का?

तेराव्या दिवशी नव्हे, बरोबर बाराव्या दिवशी दोघी हजर! मी लहरी सोडल्या. हरभऱ्याएवढे बाळ दिसले, आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी भराभर लुकलुकू लागले.

"सात आठवडे," डॉक्टर म्हणाल्या. "आता रडा खुशाल."

मिसबा रडली. शकीलाबी मात्र माझ्या पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचा आकडा जुळला नाही तर घाबरण्याआधी सगळे नीट आठवून पाहा. आणि माझा पडदा रोज पुसत जा. इतके लहान हृदय धुळीच्या एका ठिपक्याआडही लपते.