चिकपेटचे मालक

नको ग भूमिका, ती ईएसआय दवाखान्याची थट्टा आज नको. म्हणजे तुझा काय दोष, मी पण करायचे, रांगेतल्या बायकांची नक्कल तर मीच तुम्हाला करून दाखवली होती. पण आज नको. थांबा, सांगतेच आता, नाहीतर तुम्ही म्हणाल अक्षराला काय झालं, कॉफी तशीच ठेवून उठली. फक्त मध्ये बोलू नका, मध्ये थांबले तर पुढचं माझ्याच्यानं सांगवणार नाही.

आमचे अण्णा बॅटरीच्या फॅक्टरीत आहेत हे तुम्हाला माहीत आहे. तिथं काय करतात ते माहीत नसेल, कारण मी कधी सांगितलंच नाही. "कंपनीत आहेत," एवढंच म्हणायचे. तर ते शिसं वितळवून त्याच्या जाळ्या ओततात. बावीस वर्षं झाली. संध्याकाळी घरी आले की आधी नळाखाली कोपरापर्यंत हात घासायचे, तरी बोटांच्या फटीत काळं राहायचंच, आणि लग्नाकार्यात पंगतीला बसले की मी बघायचे, कुणाचं त्यांच्या हाताकडे लक्ष जातंय का. बघा, म्हणजे हे काही एका दिवसातलं नाही.

गेल्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, उगादीच्या सणापासून त्यांचं पोट दुखायला लागलं. दुखायचं म्हणजे पिळून काढायचं, घाम फुटायचा, गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. ओवा झाला, हिंग झाला, लिंबू-सोडा झाला. शेवटी आई म्हणाली, अहो, दर महिन्याला पगारातून विम्याचे कापतात ना, मग त्या ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा की. आईचा पाय मुरगळला होता, म्हणून सोबत मी गेले. पहिल्यांदाच.

तिथं सगळे आपापल्या बाटल्या घेऊन बसलेले असतात. औषधाला बाटली घरून न्यायची, हे मला माहीतच नव्हतं. अण्णांनी पिशवीतून एक जुनी बाटली काढली, तिला बूच नव्हतं, कागदाचा बोळा लावलेला. मला असं झालं की कुणी ओळखीचं दिसू नये. दोन तास बाकावर. मग आत गेलो तर डॉक्टरांनी मान वर केलीच नाही. अण्णांचं ईएसआयचं पुस्तक उघडलं, आणि नाव नाही, गाव नाही, काय होतंय ते पण नाही, पहिला प्रश्न कन्नडमध्ये, "सर्टिफिकेट बेका?" म्हणजे रजेचं सर्टिफिकेट पाहिजे का. सोमवार होता ना. फॅक्टरीवाला सोमवारी पोट धरून आला म्हणजे त्याला सुट्टी पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं.

अण्णा म्हणाले, "नाही सार, औषध पाहिजे. फार दुखतं."

"कुठली फॅक्टरी?" पुस्तकात लिहिलेलंच होतं, ते त्यांनीच वाचलं आणि मग पहिल्यांदा मान वर केली. "कुठल्या खात्यात?"

"कास्टिंग, सार."

"बायि तेगि."

तोंड उघड. माझ्या अण्णांना, एकावन्न वर्षांच्या माणसाला, एखाद्या पोराला म्हणावं तसं एकेरी, तेगि. आपल्याकडे भाजीवालीसुद्धा अण्णांना असं बोलत नाही. आणि अण्णांनी तोंड उघडलं. त्या माणसानं चमच्याच्या दांड्यानं त्यांचा ओठ खाली ओढला, टॉर्च लावून हिरड्या बघितल्या, मग वरचा ओठ. पोट दुखतंय आणि हा दात बघतोय. मला दुसरं काहीच सुचलं नाही, फक्त बाजारात बैलाचे दात बघतात ते सुचलं. मग म्हणाले, हात पुढे धर, असे सरळ, बोटं पसर. चिठ्ठी लिहिली. "रक्त तपासायला मोठ्या इस्पितळात जा, गुरुवारी. तोपर्यंत कामावर जायचं नाही, रजा लिहितोय. नेक्स्ट."

अण्णांनी विचारलं, "सार, काय झालंय?"

"रक्त आलं की सांगतो. नेक्स्ट."

बस. पोटाला हात लावला नाही. बाहेर बाटलीत लाल पाणी भरून मिळालं. रस्ताभर मी बडबडत होते, अण्णा, हा काय डॉक्टर आहे का, तुम्ही रजा मागितली नाही तरी चोर ठरवून रजा लिहून दिली, आणि माणसाचे दात बघतात का असे. अण्णा म्हणाले, "ईएसआय म्हणजे असंच असतंय ग, त्यांना पण रोज दोनशे माणसं." पण त्यांचा चेहरा पडला होता. मुलीसमोर झालं ना. एकटे असते तर विसरले असते.

ती चिठ्ठी मी घरी गेल्यावर शिवणाच्या डब्यात तळाशी घातली. फाडली नाही. पण गुरुवारी काढली पण नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा मीच म्हणाले, तिथं परत नको, मी तुम्हाला चांगल्या ठिकाणी नेते.

चांगलं ठिकाण म्हणजे जे. पी. नगरचं एक नर्सिंग होम. आपल्या टायपिंगच्या क्लासमधली एक जण म्हणाली होती की तिथं डॉक्टर कसे हसून बोलतात, पंखा कसा, बाहेर मासिकं ठेवलेली. मी काय केलं माहीत आहे? चिकपेटला गेले, विद्याधरमामाच्या साडीच्या दुकानात, आणि मामाचा राखाडी कोट मागून आणला. मामा म्हणाला, "काय ग, भावजींना नवरदेव करतेस का?" मी म्हटलं, एका लग्नाला जायचंय.

कोट अण्णांना खांद्यात सैल झाला. नर्सिंग होममध्ये काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कंपनी? ईएसआय?" सरळ विचारलं हं, तिच्या मनात काही नव्हतं. पण मला तो बाक आठवला, कागदाचा बोळा आठवला, आणि मी इंग्लिशमध्ये म्हटलं, नो, नो, बिझनेस. चिकपेटला साडीचं दुकान आहे. हे मल्हारराव, दुकानाचे मालक.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. हात कोटाच्या खिशात घातले.

आणि डॉक्टर काय चांगला. तरुण होता, खुर्चीतून उठला, "बन्नि सर, कूत्कोळ्ळि." या सर, बसा. अण्णांना. कुठं दुखतं, कधी दुखतं, सगळं विचारलं, टेबलावर झोपवून पोट दाबून बघितलं. मग धंदा कसा काय, हल्ली लोक सिल्कच्या मागे नाहीत म्हणतात, माझी बायको गौरी हब्बाच्या सणाला तुमच्याकडेच येणार. अण्णा हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, हो, या की, चांगला माल दाखवतो. मी बघत राहिले. मामाच्याच शब्दात बोलत होते, "माल दाखवतो." डॉक्टर म्हणाला, दुकानदारांचं हेच असतं सर, दिवसभर बैठक, जेवणाची वेळ नाही, ॲसिडिटी आहे, काळजी करू नका. गोळ्या आणि एक गुलाबी औषध, छान चौकोनी बाटली, तिच्यावर नर्सिंग होमचं लेबल.

दात बघितले नाहीत. कशाला बघेल, साडीवाल्याचे दात कोण बघतं.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "अक्षरा, त्यानं मला किती वेळा सर म्हटलं, मोजलंस?" मोजलं होतं मी. नऊ वेळा. घरी येऊन आईला सांगितलं, शेजारच्या गंगव्वाक्कांना सांगितलं, कसा उठून उभा राहिला ते उभं राहून दाखवलं. त्या रात्री दुखलं नाही. मला वाटलं, जिंकले मी.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेले. त्या ईएसआयवाल्यानं लिहिलेली रजा कोण घेणार, आम्ही तर त्याचं सगळंच उडवून लावलं होतं. महिनाभर रोज जात राहिले, रोज ते शिसं. पोट परत दुखायला लागलं तसं गुलाबी औषध एका चमच्याचं दोन चमचे केलं. तोंडात सारखी लोखंडासारखी चव येते म्हणायचे. मी म्हणायचे, गोळ्यांनी येत असेल.

मग एक दिवस सकाळी कॉफी पिताना पेला हातातून पडला. आई म्हणाली, भाजलं का? तर नाही. अण्णा उजव्या हाताकडे बघत होते. मनगट वर उचलतच नव्हतं. हात असा खाली लोंबलेला, बोटं मिटायची, पण मनगट वर येईना. शर्टाची बटणं आईनं लावली. आणि वर तो कोट मी त्यांना घातला. अजून परत केला नव्हता आम्ही.

आता ऐका, मला खरं सांगायचं होतं ते हेच आहे. नर्सिंग होमच्या डॉक्टरनं हात बघितला, हसणं बंद झालं त्याचं, चांगला होता हो तो, मन लावून बघितलं. म्हणाला, सर, नस दबली असावी. दुकानात गठ्ठे उचलता का? आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, आणखी काही काम करतात का हे, कसलं केमिकल, रंग, असं काही?

विचारलं होतं त्यानं. सरळ मला.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. तोंडापर्यंत आले होते. मी अण्णांकडे बघितलं तर ते ताठ बसले होते, डावा हात उजव्यावर ठेवून तो लोंबणारा हात झाकला होता, आणि माझ्याकडे असं बघत होते की सांगू नकोस म्हणतायत की सांग म्हणतायत तेच कळेना. मी स्वतःला सांगितलं की सांगू नकोस म्हणतायत. मग मी म्हणाले, नो डॉक्टर, ओन्ली शॉप.

त्यानं नसेसाठी गोळ्या दिल्या.

बसमध्ये अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या मनात ते "तोंड उघड, कुठल्या खात्यात, हात पुढे धर" फिरायला लागलं. दात का बघितले असतील, हात का पुढे धरायला लावला असेल, आणि फॅक्टरीचं नाव वाचल्यावरच मान का वर केली असेल. घरी आल्या आल्या शिवणाचा डबा उलटा केला. चिठ्ठीत इंग्लिशमध्ये एकच शब्द मला वाचता आला, लेड, म्हणजे शिसं, पुढे प्रश्नचिन्ह. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं त्यानं. न हसता, न बसवता, दोन मिनिटांत. आम्हाला सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं, हे पण मी विचारतेच हं, अजून विचारते. पण चिठ्ठी वाचायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं.

सकाळी परत त्या बाकावर. कोट नव्हता. परत डॉक्टरांची मान खाली, पुस्तक, मग चिठ्ठीवरची तारीख बघितली. "हा कुठला गुरुवार?" मग तो हात दिसला आणि ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, मनगट दोन्ही हातांनी धरून बघितलं. "शिसं अंगात गेलंय. हिरडीवर काळी रेघ आहे, तेव्हाच होती. कामावर गेलास?"

"हो सार."

"महिनाभर कुठं होतास मग?"

मी पुढे झाले. खरंच झाले, तुमची शप्पथ. पण अण्णा आधी बोलले. म्हणाले, "गावी गेलो होतो सार. चुकलं."

आम्हाला गाव कुठलं. तीनशे वर्षं आम्ही इथंच आहोत.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही लोक असेच. फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. उद्या हात गेला तर रडत याल. आणखी पण बोलले. अण्णा मान खाली घालून उभे होते, सगळं ऐकून घेत होते, आणि त्यांचा डावा हात मागे माझ्या मनगटावर होता. घट्ट. मी बोलू नये म्हणून. आणि मी नाही बोलले. तिसऱ्यांदा.

सहा आठवडे इस्पितळात होते. इंजेक्शनं झाली, पोट दुखायचं थांबलं, हात आला. पूर्ण नाही. बटणं लावता येतात, पण वरचं एक राहतं, ते आई लावते. फॅक्टरीत आता गेटवर बसवलंय त्यांना. महिन्यातून एकदा दाखवायला जायचं असतं. आज मीच घेऊन गेले होते, म्हणून क्लासला उशीर झाला.

बाकावर बसलो आणि अण्णांनी पिशवीतून बाटली काढली. तीच, चौकोनी, जे. पी. नगरची. मी घासून ठेवली होती पण लेबल त्यांनी निघू दिलं नव्हतं. गुडघ्यावर ठेवली आणि डाव्या हातानं हळूच फिरवली, लेबल बाहेरच्या बाजूला येईल अशी. शेजारच्या माणसानं वाचलं आणि अण्णांकडे परत एकदा बघितलं. अण्णा स्वल्प ताठ बसले.

मी त्यांच्या शेजारीच होते. भिंतीकडे बघत बसले.