पंडितची वेबसाइट

पडद्यावरची बटणं, रकाने, खिडक्या मांडायला ऑफिसातल्या पंडितनं सहा वर्षं खपून नवी प्रोग्रामिंग भाषा तयार केली होती. ऑफिसनं ती वापरावी, एवढीच त्याची आस. आज ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी अखेर वेळ दिला.

"तीनशे ओळींचं काम तीस ओळींत होतं!" त्यानं करून दाखवलं.

"झकास! आणि भाषेची माहिती देणारी ही तुमची वेबसाइट? तीही हिच्यातच केलीत ना?"

वेबसाइट पंडितनं जुन्याच भाषेत उरकली होती.

"घाई होती हो, मॅडम."

"आम्हाला तर रोजच असते, पंडित," त्या मायेनं म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटून त्याच्याकडे सरकवला.

त्याला धड रागावताही येईना.