निळ्या शालीखाली

चित्रातलं बाळ फुंकर मारतंय, असं संग्रहालयातली पाटी सांगत होती. दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. पुराणातली आई, मांडीवर पुढे देव होणारं तिचं बाळ, आणि आईच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढलेली निळी शाल. चार विद्वानांनी त्या फुंकरीवर लेख पाडले होते.

चित्र सफाईला संग्रहालयातल्या चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या टेबलावर आलं तेव्हा ती एकटीच हसली. फुंकर मारताना गाल फुगतात, हे तर आत गेलेले. पोर पीत होतं. घरी सात महिन्यांचा टकलू असलेल्या बाईला त्यासाठी लेख लागत नाही.

द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा तिनं शालीच्या कडेवर फिरवला. दीडशे वर्षांचा रंग दगड झालेला असतो, जागचा हलत नाही. हा निळा मात्र लगेच बोळ्यावर उतरला. म्हणजे शाल मागाहून कुणीतरी पांघरली होती. ती काढायच्या अर्जावर साहेबांनी न वाचताच सही ठोकली, आणि आठ दिवस ती तीळ तीळ शाल उतरवत राहिली. आईच्या ओठांवरचं हसूही त्याच हातानं चढवलेलं निघालं. खाली घट्ट मिटलेले ओठ, कपाळाला आठी. बाळ चावलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी सासूबाई टकलूला घेऊन आल्या. ती खिडकीशी बसून त्याला पाजत होती, तोच साहेब आत आले आणि थेट छताकडे बघू लागले.

"बघा की इकडे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही काय बाटलीच्या दुधावर वाढलात?"

साहेबांनी ते ऐकलंच नाही. "मॅडम, सोमवारी पाहुणे येतायत. देवाची आई अशी? कपाळाला आठ्या घालून? थांबा आता. जेवढी काढलीत तेवढी शाल परत रंगवा."

"रंग गळालाय तिथंच मी रंग भरते, सर. मूळ चित्रावर नाही लावत."

"मग दुसरं कुणी लावेल."

"लावू दे. रोजचे फोटो दप्तरात जमा आहेत. ज्याला तिला झाकायचंय, त्यानं खाली स्वतःचं नाव लिहावं. तुम्ही लिहिता का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नोकरीचा विचार करा. पदरात लहान मूल आहे."

"तिच्याही होतं," ती म्हणाली. "त्यानं दीड वर्ष पिऊन तिची झोप घालवली असेल. तुम्हाला त्यातलं फक्त हसू हवंय."

तिनं टकलूला सासूबाईंच्या खांद्यावर दिलं, पोलक्याची बटणं सावकाश लावली आणि टेबलापाशी आली. चित्रातल्या आईच्या छातीवर चार बोटं निळं अजून शिल्लक होतं. तिनं नवा बोळा वळला, द्रावणात बुडवला.

"मॅडम, मी थांबा म्हणालो."

"ऐकलं, सर."

बोळा गोल गोल फिरत राहिला. मागे सासूबाई टकलूची पाठ थोपटत होत्या, साहेब दारात उभे होते, आणि निळ्याखालून बाळाची मूठ वर आली. आईच्या कातडीत रुतलेली, पाचही नखांसकट.

"नखं काढायला झालीत त्याची," सासूबाई म्हणाल्या.

तिनं बोळा टाकला आणि दुसरा घेतला.