बग्गीच्या नळ्या

मला लोक तापट म्हणतात. पन्नाशी उलटली, दिवसभर लोखंडाशी झटायचं, सांजच्याला कंबर सरळ होत न्हाई, मंग जीभ गोड कुठून राहणार? शहागडात सडकंच्या कडंला माझं दुकान. पोलीस ॲक्शनला सात वर्षं झाल्ती तवाची ही गोष्ट हाये.

ढोरांचे डाक्टर भालचंद्रराव, त्यांची एक बग्गी व्हती. बग्गी म्हणजे काय, तर पलटणीच्या मोडीतलं मोटरसायकलचं इंजन, चार चाकं आन वर दोघांपुरती बैठक. म्याच बनवून दिल्ती. काळ्या रानातून, वढ्यानाल्यातून कुठंबी जायची. त्या दिवशी दुपारी ती बैलजोडीच्या मागं फरफटत दुकानापुढं आली. डाक्टर पायी, आन बैलं हाकणारा बिरू धनगर.

"मिस्त्री, जल्दी करा," डाक्टर म्हणले. "ह्याच्या तळावर मेंढरांना देवी आल्यात. लशीच्या बाटल्या बर्फात हायेत. बर्फ सांजपर्यंत टिकला तर टिकला."

बिरूचा तळ घनसावंगीकडच्या माळावर व्हता, बैलगाडीनं गेलं तर मधीच रात्र व्हायची. चार घरांची मेंढरं एका कळपात, दोनशेच्या वर. डाक्टरला आणायला बिरूच चालत आल्ता. दोघं बग्गीत बसून निघाले आन तीन मैलांवर वढ्यात अडकले. बिरूनं कुणाची तरी बैलं मागून आणली आन बग्गी माघारी वढली.

म्या वाकून बघितलं आन माझं टाळकंच सरकलं. इंजनाच्या अंगाला दोन चकचकीत नळ्या उभ्या असतात. दोन्हीत एकेक सळई खालीवर करती, तिच्या रेट्यानं वरची झडप उघडती. नळी दबली की सळई घासती. आन ह्या पठ्ठ्यानं दोर बांधला तो नेमका त्या नळ्यांना! दोन्ही मधीच चेपल्या व्हत्या.

"तीच जागा मजबूत दिसली, मिस्त्री," बिरू हळूच बोलला. "बैलगाडीच्या चौकटीला, साटीपाशी बांधतात तसं बांधलं."

"अरे बैलोबा! बैलाच्या शिंगाला नांगर बांधतो काय तू? दोनशे मेंढरांचा जीव घेतलास, मेंढरांचा! डोकं हाये का तांब्या ठिवलाय धडावर?"

बाजाराचा दिवस. माणसं जमली. त्यांच्यातच बिरूच्या तळावरची जयवंताबाई व्हती, मीठ न्यायला आलेली. म्या घंटाभर हात चालवत राह्यलो आन घंटाभर तोंड. बिरू खाली मान घालून उभा.

मंग म्या इंजनाचं डोकं उतरवलं आन नळ्या काढल्या. नळीच्या दोन्ही टोकांना रबरी चकती असती, तेल अडवायला. ती चकतीच नव्हती. नुसती काळी लापशी. तेलाची टाकी बोट फिरवून बघितली, ठणठणीत कोरडी.

त्या चकत्या म्याच मागल्या उन्हाळ्यात सायकलच्या ट्यूबच्या कापून बसवल्त्या. गरम तेलात ते रबर फुगतं, विरघळतं, हे मला बराबर ठावं व्हतं. पर त्या दिवशी अंग मोडून आल्तं, म्हणलं पुढल्या टायमाला चांगल्या घालू. तेल ठिबकत ठिबकत संपलं, आन वढ्यात इंजन आवळून बसलं. चिखल नव्हता नडला. बिरूचा दोर तर मागून आला. बग्गी बंद पडली ती माझ्यापायी.

भवती वीस-पंचवीस माणसं. डाक्टर घड्याळ बघून राह्यलेले. आताच तर म्या त्या गरिबाला फाडून खाल्लं व्हतं. कसं बोलू? म्हणलं उद्या सांगू. ती काळी लापशी चिंधीनं पुसली आन चिंधी भट्टीत टाकली.

सायकलीच्या दोन पंपांच्या पितळी नळ्या मापानं कापल्या, कानशीनं घासून बसवल्या. चकत्या ह्या येळी चामड्याच्या केल्या, तेलात मुरवून. पिस्टन मोकळा करता करता हात सोलले. इंजन सुरू झालं तवा दिवस मावळल्ता. डाक्टरनं डबा उघडला. आत कोमट पाणी. त्यांनी बाटल्या एकेक करून सडकंच्या कडंला वतल्या आन घरी गेले.

औरंगाबादेहून दुसरी लस यायला आठ दिवस लागले. तवर त्रेचाळीस मेंढरं मेली. त्यातली सव्वीस जयवंताबाईची.

मंग कानावर आलं की तळावर बिरूसाठी पंच बसणार हायेत. मला भाकर गोड लागंना. चालत गेलो. त्यांच्यात ज्याच्यावर बोट असतं त्यानं घोंगड्यावर बसायचं न्हाई. सगळे घोंगड्यावर, आन बिरू पलीकडं मातीत. तळाचा कारभारी म्हस्कू माझ्यासाठी सरकला. म्या बसलो न्हाई. उभ्यानंच सगळं सांगितलं. चकत्या, तेल, भट्टीतली चिंधी, सगळं.

जयवंताबाई म्हणली, "मिस्त्री, तुमी त्याला जे बोललाव ते म्या ह्या कानांनी ऐकलं. घंटाभर बोलत व्हता. माणूस रागात खरं बोलतो."

"तवा मला ठावं नव्हतं, बाई!"

"आता पोराची दया आली तुमाला," म्हस्कू म्हणला. "चांगलं हाये. पर दोर तर डाक्टरनंबी बघितलाय."

म्या बिरूकडं बघितलं. म्हणलं, तू तरी बोल रे. दोर बांधायच्या आधी इंजन बंद पडल्तं का न्हाई?

"पडल्तं," बिरू म्हणला. "पर चालू झालं असतं की, मिस्त्री. म्याच घाई केली. नळ्या मोडल्या म्हणून दिवस गेला. तुमीच म्हणला व्हता."

म्या लई वरडलो. शपथा घातल्या. म्हस्कूनं मला हाताला धरून पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी बिरूची तीस मेंढरं कळपातून वेगळी काढली. एकट्यानं राहायचं, एकट्यानं चारायचं.

पंधरा दिवसांनी तो दुकानावरून चालला. बायको, डोईवर बिऱ्हाड, पुढं मेंढरं. मेंढरं थांबवून आत आला आन माझ्या पाया पडला.

"मिस्त्री, माझ्यासाठी तुमी भर पंचांत खोटं बोललाव," तो म्हणला. "सख्खा भाऊबी बोलला नसता. मरंस्तवर इसरणार न्हाई म्या."

"खरं बोललो रे! बिलकुल खरं बोललो!"

तो हसला. माझे वण राह्यलेले हात त्यानं आपल्या कपाळाला लावले आन मेंढरं हाकत गोदेकडं निघून गेला.