आप्पांचा सरळ फोटो

मोनालीचा फोन आला आणि मी न बघताच "आहे, एकदम क्लिअर आहे" असं सांगून मोकळा झालो. माझी ही सवय जुनी. कोणी काही विचारलं की आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसत बसायचं. बायको म्हणते, तुमची जीभ तुमच्यापेक्षा दोन मिनिटं पुढे धावते.

मोनाली ही सोनगीरच्या तोताराम आप्पांची मुलगी, आता असोद्याची सून. सोनगीरला झालेल्या तिच्या लग्नाचं शूटिंग माझं होतं. मी नवल, जळगावात लग्नाचे व्हिडिओ करतो. कॅमेरा मी धरतो, एडिटिंग माझी बायको रूपा करते. लग्नाला नऊ दिवस झाले आणि आप्पा सकाळी शेतातून येऊन ओट्यावर टेकले ते पुन्हा उठलेच नाहीत. आम्हाला हे कळलं चार दिवसांनी, बुधवारी, मोनालीच्या त्या फोनवर.

"नवलभाऊ, रविवारी गंधमुक्ती आहे, आप्पांचं दिवसकार्य," ती म्हणाली. "हार घालायला आप्पांचा एक फोटो धड नाही. एकतर काळा गॉगल, नाहीतर मान फिरवलेली. तुम्हाला त्यांच्या डोळ्याचं माहीतच आहे. पण मी सासरी निघाले तेव्हा त्यांनी गॉगल काढला होता. माझ्याकडे सरळ बघत होते. तुम्ही माझ्या खांद्यामागेच उभे होते. ते आलंय ना?"

डोळ्याचं मी ऐकून होतो. लहानपणी कपाशीची पऱ्हाटी उपटताना तिचं टोक आप्पांच्या डाव्या डोळ्यात गेलं, तेव्हापासून तो अधू. लग्नात दोन दिवस मी त्यांच्या मागे-पुढे नाचलो, पण गॉगल काही उतरला नाही. उतरला तो फक्त बिदाईला, अकरा सेकंद. ते अकरा सेकंद मी घेतले होते. त्या वेळी अंगावर काटा आला होता, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणून म्हणालो, एकदम क्लिअर आहे.

फोन ठेवून मी ती फाइल उघडली.

मोनालीच्या शालूची जर अशी आली होती की एकेक तार मोजावी. तिच्या कानातल्या झुमक्याचे मोती लखलखत होते. आणि तिच्या पलीकडे, जिथे आप्पांचा चेहरा हवा होता, तिथे गव्हाळ रंगाचा एक गोळा, त्यावर लाल फेटा, आणि चेहऱ्यात दोन काळसर डाग. फोकस मुलीच्या खांद्यावर, बाप धुरात. अकराच्या अकरा सेकंद.

रूपा मागून बघत होती. तिने माझ्या हातून माउस घेतला आणि शॉट पुन्हा पहिल्यापासून लावला.

आता यात माझा किती दोष, ते सांगूनच टाकतो. माझा कॅमेरा नवा आहे, मिररलेस. त्याची स्वतःची लेन्स लावली तर तो चेहरा ओळखून आपोआप फोकस धरतो, माणूस हलला तरी सोडत नाही. पण मला ते नको होतं. दीपनगरला वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका हौशी गृहस्थांकडून मी एक जुनी रशियन लेन्स आणली होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. ॲडॉप्टरने ती नव्या कॅमेऱ्यावर बसते. तिच्यात मागचे दिवे गोल गोल फिरल्यासारखे दिसतात, कातडीचा रंग लोण्यासारखा मऊ येतो. मात्र फोकस हाताने, कडं फिरवून करावा लागतो. मी नाक वर करून सगळ्यांना सांगायचो की ऑटोफोकस आळशी माणसांसाठी असतो. माझ्या रील्सवर पोरं लिहायची, दादा काय लूक आहे, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो. माझ्या जोडीला कुंदन असतो, त्याच्याकडे साधा ऑटोफोकसचा कॅमेरा. बिदाईच्या वेळी तो आप्पांच्या समोर येऊन उभा राहत होता. फ्रेममध्ये येतोस म्हणून मीच त्याला हाकललं आणि बाहेर सजवलेल्या गाडीचे शॉट घ्यायला पाठवलं.

आणि चूक झाली ती अशी. हाताने फोकस करताना मदत म्हणून कॅमेऱ्यात एक सोय असते. जी गोष्ट स्पष्ट असेल तिच्या कडांवर स्क्रीनवर एका रंगाची रेघ चमकते. तो रंग आपण निवडायचा. मी लाल ठेवला होता, कायमचाच. मोनालीचा शालू लाल, आप्पांचा फेटा लाल, वर वैशाखातलं ऊन. मला आप्पांच्या डोक्याभोवती लाल दिसलं आणि मी समजलो, लागला फोकस. तो फेटा होता. सेटिंगमध्ये जाऊन रंग पिवळा करायला किती वेळ लागतो? दहा सेकंदसुद्धा नाही.

"फोन करून सांगून टाका," रूपा म्हणाली.

"काय सांगू? तुझा बाप मला दिसला नाही?"

"हो. तेच."

मी तिच्यावर खेकसलो. मग सॉफ्टवेअर उघडलं.

हल्ली असं सॉफ्टवेअर मिळतं की धूसर चेहरा टाका, ते स्वच्छ करून देतं. स्वच्छ कसलं करतं? अंदाजाने नवा काढतं. त्याने हजारो चेहरे पाहिलेले असतात, त्यातून नाक, डोळे, ओठ जुळवून बसवतं. मी तो शॉट टाकला आणि बघत राहिलो. गोळ्यातून हळूहळू एक माणूस वर आला. साठीचा, रुबाबदार, पांढऱ्या मिशा, कपाळावर दोन आठ्या. दोन्ही डोळे टपोरे आणि सारखे.

मला इतकं हायसं वाटलं की मी टाळी वाजवली.

रूपा जवळ आली. "डोळा अधू होता ना त्यांचा? मग हा दुसरा कुठून आला?"

"आला कुठून तरी."

"अहो, हा दुसराच माणूस आहे."

"तुला काय माहीत? तू त्यांना पाहिलंयस का?"

"तुम्ही तरी कुठे पाहिलंय?" ती म्हणाली.

हे खरं होतं. डावा डोळा थोडा मिटवावा म्हणून मी तासभर खटपट केली. पण किती मिटवायचा? अर्धा? पाव? पापणी खाली आलेली होती की बुबुळावर पांढरं होतं? मला काहीच ठाऊक नव्हतं. गॉगलशिवाय मी त्यांना त्या अकरा सेकंदांतच पाहिलं होतं, आणि तेही माझ्या त्या जुन्या लेन्समधून. शेवटी डोळा होता तसाच ठेवला. मनाची समजूत घातली की ज्या डोळ्याची त्यांना जन्मभर लाज वाटली तो आपण नीट करून दिला, लोकांना बरंच वाटेल. माणूस घाबरला की किती दयाळू होतो बघा.

शुक्रवारी मोनालीचा पुन्हा फोन आला. "भाऊ, फोटो मोठा काढा. आणि ती क्लिपसुद्धा आणा. आईला बघायची आहे. मलाही."

"आणतो," मी म्हणालो. रूपाने शनिवारी फक्त एकदा विचारलं, "सांगितलं?" मी मान हलवली, तिला जशी समजायची तशी समजू दे म्हणून.

रविवारी सकाळच्या बसने निघालो. लॅपटॉप पाठीवर, फ्रेम चादरीत गुंडाळून मांडीवर. पारोळ्याच्या पुढे एका वळणावर चादर सरकली. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी फोटो बघितला. "कोन गये, भाऊ?"

"सोनगीरचे एक आप्पा."

बाबांनी टोपी काढली आणि फोटोला हात जोडले. जगात नसलेल्या, कधीच नव्हता अशा माणसाला माझ्यामुळे कोणी हात जोडत होतं. मी चादर घट्ट ओढून घेतली. धुळ्याला उतरून सरळ परतीची बस धरावी असं फार वाटलं. पण मोनालीचे दोन फोन येऊन गेले होते.

सोनगीरला घरासमोर मांडव होता आणि आत भजनी मंडळ बसलेलं. मोनालीचे काका, सुकदेव नाना, पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातून फ्रेम घेतली. चादर काढली. चार जण गोळा झाले.

"वा!" नाना म्हणाले. "बठ्ठं तसंच शे! काय रुबाब शे मना भाऊना!"

दुसऱ्यांनीही सगळं अगदी तसंच म्हणत माना डोलावल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं. मी सुटलो! खरं सांगतो, त्या क्षणी मला नाचावंसं वाटलं. फ्रेम पाटावर ठेवली, हार घातला, उदबत्ती लावली.

मग ताईबाई अक्कांना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, दोन बायका धरून घेऊन आल्या. त्या फोटोसमोर बसल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि काचेवर डाव्या डोळ्याला बोट लावलं, कुंकू लावावं तसं अलगद.

"हाऊ डोया कोना शे?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, "वहिनी, फोटोमा चांगलं दिखस. ऱ्हाऊ द्या."

"आसा नव्हता," अक्का म्हणाल्या. "चाळीस वरीस मी रोज देखा. आसा नव्हता."

मोनाली दाराशी उभी होती. ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने मला खुणेने आतल्या खोलीत बोलावलं. तिथे धान्याच्या कोठ्या होत्या आणि एक खाट. ती म्हणाली, "क्लिप लावा."

लॅपटॉपमध्ये दोन क्लिपा होत्या. एक सॉफ्टवेअरने धुतलेली आणि एक खरी. बोट धुतलेल्या क्लिपवर गेलं होतं. अजूनही थाप मारता आली असती. प्रिंटवाल्याने डोळा नीट केला, त्याला मी सांगितलं नव्हतं, असं काहीबाही तोंडाशी आलंच होतं. पण बाहेरून अक्कांचा आवाज येत होता. त्या तेच तेच विचारत होत्या, आणि लोक त्यांना समजावत होते की तुम्हाला दुःखामुळे असं वाटतंय. माझ्या एका चुकीपायी त्या बाईला तिच्याच नवऱ्याचा चेहरा लोक शिकवत होते. ते काही माझ्याने ऐकवेना.

"मोनाली, फोकस चुकला," मी म्हणालो. "माझ्याकडून. आप्पांचा चेहरा आलेलाच नाही. बाहेर लावलाय तो फोटो कॉम्प्युटरने बनवलाय. तो आप्पांचा नाही."

तिने मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "खरी लावा."

मी लावली. स्क्रीनवर तिचाच खांदा, झुमका, शालूची जर. पलीकडे तो गव्हाळ गोळा किंचित पुढे वाकतो, एक हात वर येतो, गॉगलचा काळा डाग निघून जातो. मग नऊ-दहा सेकंद तो गोळा तसाच तिच्याकडे बघत राहतो. संपलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा तिने तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं, जवळ गेल्याने दिसणार असल्यासारखं.

"अजून कोणी घेतलं नाही?" तिने विचारलं. "तो दुसरा मुलगा? कोणाच्या मोबाइलमध्ये?"

"कुंदनला मी बाहेर पाठवलं होतं."

"का?"

"माझ्या फ्रेममध्ये येत होता म्हणून."

तिने लॅपटॉप मिटला. शहरात शिकलेली मुलगी, माझ्याशी इतके दिवस पुस्तकी मराठीत बोलत होती. आता ती बोलली ते घरच्या भाषेत, आणि आवाज अजिबात न चढवता.

"आप्पांनी माले कधी गॉगल काढीसन देखं नव्हतं, भाऊ. मी धाकली व्हती तवय बी नही. त्या दिवशी पहिल्यांदाच देखं. पन मना डोया भरेल व्हतात. माले आप्पा दिखनातच नहीत. बठ्ठं पानीच पानी." तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. तुम्हना कॅमेराले ते दिखना व्हतीन."

बाहेर भजन सुरू झालं होतं. ती उठली, मांडवात गेली, पाटावरून ती फ्रेम उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. हार तिने नुसत्या पाटावर ठेवला. मी कोठ्यांच्या मध्ये उभा होतो, आणि बाहेर जायला दार तेवढं एकच होतं.